माणसाएवढी जागा

निखिलचा फोन आला तेव्हा मी सोसायटीच्या गेटवर मेथी निवडून घेत होते. निखिल म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, गुडगावात नोकरीला. फोन केला की आधी इकडचं तिकडचं काहीतरी बडबडणार, माझी खेचणार आणि मग कामाचं बोलणार, ही त्याची सवय. त्या संध्याकाळी तो नुसताच श्वास घेत राहिला. मला वाटलं, विमानामुळे ऐकू येत नाहीये. दिल्लीतल्या या द्वारकेत आमच्या डोक्यावरून सारखी विमानं जातात. विमान गेलं, आवाज विरला, तरी तो गप्पच. मग म्हणाला, "आत्या, आई गेली."

प्रमिलावहिनी गेली त्याला आता दोन महिने होत आले. तिच्यावर पुरवणीत लिहा, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी सपशेल नकार दिला. एकतर ती काही नामांकित बाई नव्हती. दुसरं म्हणजे, तिच्याबद्दल लिहायचं तर ती गेल्यानंतर काय झालं तेही लिहावं लागणार, आणि ते वाचून लोक म्हणणार, कुंदाबाईंचं आता वय झालं. मी जन्मभर दिल्लीतल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. देवळातला अंगाराही मी कधी डोक्याला लावला नाही. पण जे पाहिलं ते पाहिलं. म्हणोत बापडे काय म्हणायचं ते.

ती गेली ती घोडीजवळ. दादा-वहिनींची गुडगावच्या पुढे, सोहना गावाच्या पलीकडे अरवलीच्या डोंगरात थोडी जागा आहे. दोन खोल्या, तबेला, चार-पाच घोडी. त्यातली मोगरी आंधळी. तिला रोज दिवेलागणीला पाण्यावर न्यायचं काम वहिनीचं. वाटेत एक सपाट दगड आहे. वहिनीचे गुडघे दुखायचे म्हणून ती तिथे घटकाभर टेकायची आणि मग पुढे हौदाकडे जायची. त्या दिवशी ती टेकली ती उठलीच नाही. बराच वेळ झाला म्हणून दादा बघायला गेला. वहिनी दगडावर बसलेली, पाठ झाडाला लागलेली, दोरी मांडीवर सैल पडलेली, आणि मोगरी तिच्याशेजारी मान खाली घालून उभी. हौद तिथून हाकेच्या अंतरावर होता. दिवसभराच्या उन्हात तापलेल्या जनावराला पाण्याचा वास येत असणार की नाही? पण ती जागची हलली नव्हती. दादा म्हणाला, घोडी तिच्या उठण्याची वाट बघत होती.

आम्ही पोचलो तेव्हा मला सगळ्यात आधी जाणवली ती शांतता. गाडी फाटकाशी आली की तिथली घोडी एरवी खिंकाळून डोंगर डोक्यावर घ्यायची. त्या दिवशी एकानंही तोंड उघडलं नाही. वहिनीला शेवटची हिरवी साडी नेसवताना, ओटी भरताना माझं लक्ष सारखं खिडकीकडे जात होतं. तबेल्याच्या अर्ध्या दारांवरून सगळ्या माना बाहेर आल्या होत्या आणि सगळे कान आमच्या खोलीकडे रोखलेले होते. मी उठून खिडकी लावून घेतली.

वहिनी मूळची पाचगणीची. तिच्या वडिलांची पठारावर पर्यटकांना फिरवायची घोडी होती. लहानपणी ती घोड्यांच्या पायातच वाढली म्हणा ना. लग्न होऊन दिल्लीला आली आणि सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्यांत तिनं उभा संसार केला. घोड्यांचं नाव म्हणून काढलं नाही. फक्त लग्नसराईत रस्त्यावरून वरात जाऊ लागली की हातातलं काम टाकून बाल्कनीत यायची. आम्ही नवरदेव कसा आहे ते बघायचो, ही घोडी बघायची. एकदा तिला खालची घोडी लंगडताना दिसली. वहिनी पदर खोचून जिना उतरली, बँडवाल्यांच्या मधून घुसली आणि घोडीवाल्यासमोर जाऊन उभी राहिली. "पहले इसका तंग ढीला करो, फिर जितना नाचना है नाचो." सगळी वरात थांबली. नवरदेवाला खाली उतरावं लागलं. मुलाकडची मंडळी भडकली, दादा वर बाल्कनीत घाम पुसत उभा, आणि वहिनी आपली घोडीच्या पोटाखाली वाकून पट्टा सैल करतेय. वर आल्यावर मी तिला म्हटलं, वहिनी, आज मार खाल्ला असतास. तर म्हणते कशी, "वन्सं, तुम्ही होतात की वाचवायला." मी तिच्याहून लहान, पण मला चिडवायचं असलं की ती अशी वन्सं म्हणायची.

त्याच दिवशी दादाच्या मनात आलं असणार. तो बोलला काही नाही, आमच्याकडे बोलण्याची पद्धतच नाही. पण रिटायर झाला आणि पुण्याला फ्लॅट घ्यायचा सोडून त्यानं ही डोंगरातली खडकाळ जागा घेतली. सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं, मी सर्वात आधी. विजेचा पत्ता नाही, आजूबाजूला कीकराची काटेरी झुडपं, शेजाराला दगडाची जुनी खाण. खाण बंद पडलेली, तळाशी हिरवं पाणी साचलेलं, किती खोल आहे ते गावात कुणालाच माहीत नाही. म्हटलं, अरे, म्हातारपणी इथे काय करणार? दादानं वहिनीकडे बोट दाखवलं. ती एका मरतुकड्या शिंगराच्या मानेला तेल चोळत होती आणि गुणगुणत होती. इतक्या वर्षांत मी तिला गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं. 

मग तिथे त्यांचं चांगलं बस्तान बसलं. रविवारी गुडगावची पोरं घोड्यावर बसायला यायची, त्यात भागायचं. निखिलची मुलगी तिथेच चालायला शिकली, तबेल्याच्या दाराला धरून. वहिनीच्या हातची थालीपीठं खायला आम्ही सगळे जमायचो आणि घोड्यांच्या माश्या आमच्या ताटात. मोगरी तिथे आली ती वरातीतून मोडीत निघालेली घोडी म्हणून. पांढरीशुभ्र, पण बँडचा आवाज लांबून जरी आला तरी थरथर कापायची. डोळे हळूहळू जात होते. पुढे पार गेले. त्यामुळे दिसत असताना जी वाट तिनं पाहिली होती तेवढीच तिला ठाऊक. दुसऱ्या वाटेनं न्यायला गेलं की चारी पाय रोवून उभी राहायची. आणि ती एकच वाट नेमकी खाणीच्या काठानं जाणारी. डावीकडे डोंगराची भिंत, उजवीकडे काठावर रचलेले दगड आणि खाली ते हिरवं पाणी. हौदावरून परत यायला खालच्या शेतातला रुंद रस्ता होता, तो तिला मान्य होता. पण जायचं ते खाणीवरूनच.

घोड्याला नेहमी डाव्या बाजूनं धरून चालवायचं असतं. म्हणून वहिनी डोंगराच्या अंगानं, एक हात भिंतीला टेकवत चालायची आणि मोगरी खाणीच्या अंगानं. मला ते बघवायचं नाही. वहिनी म्हणायची, काही होत नाही गं, मी किती जागा घेते ते तिला पक्कं माहीत आहे. आणि खरंच, ती आंधळी घोडी वहिनीपुरती जागा बरोब्बर सोडून चालायची. बाहेरचा खूर काठाच्या दगडांना घासत जायचा, पण आत वहिनीच्या पदराला कधी धक्का नाही.

वहिनीचा दुसरा नियम म्हणजे आवाज द्यायचा. तबेल्यात शिरताना आपलं नाव सांगितल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. मी आहे गं, प्रमिला. दादाचं, मी आहे, अनंता. पाहुणे असोत, डॉक्टर असोत, सगळ्यांना हेच. मला आधी फार हसू यायचं. शाळेत हजेरी देतात तसं घोड्यांना काय हजेरी द्यायची? पण आंधळ्या जनावराला, वहिनी म्हणायची, न बोलता जवळ येणारं माणूस म्हणजे भूतच.

आणि ती गेल्यावर आम्ही सगळे तेच झालो. सुतकातलं घर. कोण मोठ्यानं बोलणार? चप्पलसुद्धा न वाजवता वावरायचो. घोड्यांना चारा-पाणी वेळेवर होत होतं, पण जो जाई तो मुकाट्यानं जाई, मुकाट्यानं येई. मोगरीनं खाणं सोडलं. कोपऱ्यात भिंतीला अंग लावून उभी, घामानं भिजलेली, आणि कुणी पाऊल टाकलं की कातडी थरथरायची. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, वय झालंय, असंच राहिलं तर इंजेक्शन देऊन सोडवलेलं बरं. त्यावर इतके दिवस तोंडातून शब्द न काढलेला दादा उठला. आमच्यावर डाफरला, "मुक्यानं कसले आत-बाहेर करताय? तिला वाटत असेल, ती एकटीच जिवंत राहिलीय." आणि तबेल्याच्या दारात जाऊन म्हणाला, मी आहे गं, अनंता. मग आम्ही एकेक जण गेलो, आपापली नावं सांगत. मी आहे, कुंदा. नाव सांगताना माझा आवाज इतका फाटला की मला माझीच लाज वाटली. मोगरी सगळ्यांचं ऐकत होती. सगळ्यांची नावं झाली तरी तिचे कान दाराकडेच लागलेले. अजून कुणीतरी बाकी होतं... पण त्या दिवशी तिनं मूठभर चारा खाल्ला.

दिवस झाले, पांगापांग झाली. निखिलनं आधीच ठरवून टाकलं होतं की बाबांना तिथे एकटं ठेवायचं नाही. दोन घोडी नोएडाकडचा एक माणूस न्यायला तयार होता. उरलेल्यांचं बघू. गुडगावचं घर चौथ्या मजल्यावर आणि नवरा-बायको दिवसभर बाहेर, म्हणून दादानं माझ्याकडे राहायचं. मी खोली रिकामी केली, नवी गादी आणली, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला. मला दादा हवाच होता, खोटं कशाला बोलू. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. घरात माझ्याशिवाय कुणाचा खोकला ऐकू येईल, या विचारानंच मला बरं वाटत होतं. पण दादा हलायला तयार नव्हता. निखिल रडकुंडीला आला होता. म्हणाला, "आत्या, तूच बोल यार त्यांच्याशी. फोनवर म्हणतात, संध्याकाळी इथं असावं लागतं. कशासाठी असावं लागतं, ते सांगत नाहीत."

मी गेले. दुपारभर दादाला ऐकवलं. पडलास-झडलास तर कोण आहे इथे, सापकिरडू आहे, डॉक्टर कुठे आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं. उन्हं उतरली तसा उठला आणि म्हणाला, थांब जरा, त्यांची वेळ झाली. त्यांची म्हणजे घोड्यांची, असं मी धरून चालले.

त्यानं नाव सांगितलं, मोगरीच्या खणाचं दार उघडलं आणि बाजूला सरून उभा राहिला. मोगरी बाहेर आली. चार पावलं चालून थांबली आणि तिनं मान खाली घातली. तोंडावर दोरीची मोरकी चढवताना घोडं घालतं तशी, अगदी वहिनीच्या उंचीला. समोर कुणी नव्हतं. मान तशीच थोडा वेळ राहिली, मग वर आली आणि ती चालू लागली.

मी मागोमाग गेले. खाणीची वाट आली तशी ती उजवीकडे सरकली. बाहेरचा खूर दगडांना घासत होता. मोकळ्या वाटेवर एकटं जनावर सुरक्षित बाजू सोडून काठाला का चिकटेल, सांगा मला? डावीकडे डोंगरापर्यंत एका माणसाएवढी जागा तिनं रिकामी ठेवली होती. तिथे मला काही दिसलं असं मी म्हणणार नाही. काहीही नव्हतं. तिरपं ऊन होतं आणि धूळ होती. पण घोडीचा डावा कान पूर्ण वेळ त्या जागेकडे वळलेला होता. घोडं ज्याचं ऐकतं त्याच्याकडे त्याचा कान असतो, हे मला वहिनीनंच शिकवलेलं. वहिनी टेकायची त्या दगडाशी पोचल्यावर ती थांबली. खाली मान घालून उभी राहिली. मग कान हलला, मान वर झाली, आणि ती हौदाकडे निघाली.

परत आल्यावर मी म्हटलं, दादा, ही सवय आहे. जनावराच्या अंगात वर्षानुवर्षं मुरलेली सवय, दुसरं काही नाही. दादा म्हणाला, असेल. मला त्याचा असा राग आला! वाद तरी घालायचा. 

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की याचा काय तो निकाल लावायचा. सवयच असेल तर त्या रिकाम्या जागेत मी चालले काय आणि वहिनी चालली काय, घोडीला सारखंच. मोगरी निघाली तशी मी पुढे होऊन नाव सांगितलं, मी आहे गं, कुंदा. भिंतीला हात टेकवला आणि त्या जागेत शिरले. मोगरी थांबली. तिचा कान माझ्याकडे वळला. मला वाटलं, झालं, जिंकले मी. मग तो कान माझ्यावरून सरकला आणि आमच्या दोघींच्या मधोमध येऊन थांबला. आणि ती आणखी उजवीकडे सरकली. अजून एका माणसाएवढी. काठावरचा एक दगड सुटला. तो पाण्यात पडल्याचा आवाज खूप उशिरा आला. तिचा मागचा खूर निम्मा बाहेर होता आणि माझ्यात आणि तिच्यात एक माणूस सहज मावेल इतकी जागा होती. त्या जागेकडच्या माझ्या दंडावर काटा उभा राहिला. दुसऱ्या दंडावर नाही. एवढंच मी खात्रीनं सांगू शकते.

"कुंदा, मागे ये. हळू," दादा मागून म्हणाला. मी भिंतीला धरून एकेक पाऊल मागे घेतलं. मी वाटेतून बाहेर पडले तशी मोगरी आत सरकली, आपल्या नेहमीच्या जागी, आणि जसं काही झालंच नाही अशी पुढे चालू लागली.

दादा तबेल्याच्या दाराशीच होता. मी तिथल्याच पेंढ्यावर बसले. तो माझ्याकडे न बघता बोलला. "मला काय जावंसं वाटत नाही? पहिल्या दिवशी गेलो होतो मी. माझ्यासाठीही तिनं अशीच जागा केली. ती वाट तिघांची नाही गं. मी गेलो तर घोडी खाणीत जाईल. म्हणून रोज इथून बघतो." आणि माझा भाऊ, ज्याला मी वडील गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं, दाराच्या कडीला धरून हमसून रडला. त्याला द्वारकेला चल म्हणायला माझी जीभ रेटेना.

घरी येऊन मी निखिलला फोन केला आणि पाहिलं ते सगळं सांगितलं, काही चोरून ठेवलं नाही. मला वाटलं, आता म्हणेल, आत्या, तू पण?  आमच्या डोक्यावरून एक विमान गेलं, त्याच्याकडे कुणीतरी लिफ्टचं दार लावलं. मग त्यानं विचारलं, "डोंगराकडची भिंत दगडाची आहे की मातीची?" मी म्हटलं, खाली दगड, वर माती. अच्छा, म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी तो गावातले दोन गडी, कुदळी आणि फावडी घेऊन डोंगरावर गेला. दादाला म्हणाला, बाबा, पावसात कडा ढासळला तर, सेफ्टीचा प्रश्न आहे, वाट जरा रुंद करून घेतो. दादा हो म्हणाला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. डोंगराच्या बाजूनं भिंत खोदून आत सरकवली. निखिल स्वतः फावडं घेऊन राबला, हाताला फोड आले त्याच्या. एवढ्या रुंदीची काय गरज, असं त्या गड्यांपैकी एकानं विचारलं तर म्हणाला, चाहिए. किती खोदायचं ते कुणी मोजलं नाही. निखिल आणि त्याची बायको वाटेवर शेजारी शेजारी उभी राहिली, त्यांच्या पलीकडे एक घोडी उभी केली, आणि ती आरामात मावेपर्यंत खोदलं.

दादाची खोली माझ्याकडे तशीच आहे. नव्या गादीवर मी आता इस्त्रीचे कपडे ठेवते. वाईट वाटतं, नाही असं नाही. मीही हल्ली कुलूप उघडून घरात शिरताना नाव सांगते. शेजारच्या मिसेस चोप्रांनी एकदा ऐकलं, तेव्हापासून त्या माझ्याशी जरा जपून बोलतात.

परवा गेले होते. खालच्या शेतात खाट टाकून बसले, तिथून वाट सगळी दिसते. उन्हं उतरल्यावर ती मंडळी निघाली. डोंगराच्या अंगाला दादा, खाणीच्या अंगाला मोगरी, आणि मध्ये एका माणसाएवढी जागा. दादा काही बोलत होता, ऐकू येत नव्हतं, पण मधूनच थांबायचा आणि मान हलवायचा. दगडाशी दोघं उभी राहिली. दादा खाणीच्या पाण्याकडे बघत होता, दुकानाबाहेर बायकोची वाट बघणारे नवरे बघत असतात तसा, कुठेच नाही असा. वहिनीला गुडघ्यांमुळे उठायला जरा वेळ लागायचा. मग मोगरीचा कान हलला, दादानं न बघताच उजवा हात पुढे केला, थोडा जोर लावून मागे घेतला, आणि तिघं हौदाकडे निघाली.